पडद्यावरचे गाणे आणि त्याचा मूळ धनी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांनी वडवणी व पंचक्रोशीतील मुलांच्या हाती पुस्तक पोचावे म्हणून आयुष्य वेचले, आणि म्हणून त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात वाङ्मयाचा विषय निघावा ही आपली अपेक्षा यथार्थच आहे. परंतु मी आज ज्या विषयावर बोलण्याचे योजिले आहे, त्याची वाङ्मयाच्या दप्तरी रीतसर नोंद आजवर क्वचितच झाली आहे. तो विषय म्हणजे चित्रपटातील गाणे, आणि त्या गाण्याच्या द्वारे सामान्य माणसाला लाभलेली कवितेची व संगीताची आवड. येथे बसलेल्या मंडळींनी आपापल्या स्मृतीस विचारून पाहावे, की जी गाणी आपण आपली म्हणतो, जी एकांतात नकळत ओठांवर येतात, ती आपणांस प्रथम कोठे भेटली? मला खात्री आहे, की बहुतेकांचे उत्तर एखाद्या चित्रपटापाशीच येऊन थांबेल. आणि हे उत्तर देताना कोणी संकोच बाळगू नये, एवढेच नव्हे तर त्या उत्तराचा अर्थ काय होतो, त्यातून आपणांवर कोणते कर्तव्य येते, याचा विचार करावा, हा माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आपला हा मराठवाड्याचा मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, कचेरीतला कागद उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. अशा स्थितीत, ज्या काळात पुण्याकडे रविकिरण मंडळाचे कवी काव्यगायनाने सभागृहे गाजवीत होते, त्याच काळात बीड, गेवराई, माजलगाव या बाजूच्या खेड्यांत मराठीतील नव्या कवीचे छापील पुस्तक दृष्टीस पडणे हीच अपूर्वाई होती. येथे काव्य नव्हते असे म्हणणे मात्र धडधडीत अन्यायाचे होईल. अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. गावोगाव भजनाची परंपरा अखंड. आणि पहाटेच्या जात्यावर बायाबापड्यांच्या मुखी ओवीचा जो प्रवाह वाहत होता, त्याची खोली मोजण्यास आजही आपली साधने अपुरी पडतात. परंतु हे सारे काव्य परंपरेने हाती आलेले होते. जो कवी आपल्याच काळात जगतो, आपल्याच काळाचे दुःख नव्या शब्दांत बांधतो, त्याची आणि येथील माणसाची गाठ घालून देणारा कोणीतरी मध्यस्थ हवा होता. शाळा आणि ग्रंथालये यांच्या हाती ते काम पुरतेपणी येण्याच्या कितीतरी आधी ते चित्रपटाने अंगावर घेतले.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट सात गाण्यांसह पडद्यावर आला, आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ गोविंदराव टेंबे यांच्या संगीतासह मराठी बोलू लागला. आरंभी नटाने स्वतःच गावे लागे. १९३५ सालच्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत रूढ केली, आणि तेथून गाणे हे नटाच्या देहापासून सुटे झाले. ही केवळ यंत्राची सोय नव्हती. देहापासून सुटलेला आवाज तबकडीवर चढला, तबकडीवरून भोंग्यात गेला, भोंग्यातून लग्नमांडवात आणि जत्रेत पोचला, आणि ज्या गावात चित्रपटगृह उभे राहण्यास अजून पुष्कळ वर्षे लोटायची होती त्या गावातही चित्रपटाचे गाणे त्याच्या आधी मुक्कामास आले. मागाहून जत्रेच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू ठोकला जाई. प्रक्षेपणयंत्र एकच असल्याने रीळ बदलताना खेळ थांबे. आणि ज्या गाण्याची ओळख भोंग्यावर आधीच झालेली आहे, ते कथेत कोणत्या जागी येते याची वाट पाहत माणसे जमिनीवर बसून राहत. शहरातल्या चित्रपटगृहांबाहेर गाण्यांची लहानशी चोपडी विकत मिळे. तिच्यात कथेचा सारांश आणि त्यापुढे सगळी पदे, कवीच्या नावासह छापलेली असत. कित्येक घरांत पोथीनंतर आलेले पहिले छापील काव्य म्हणजे ही चोपडी होय, आणि तिची उपेक्षा करणारा इतिहासकार आपल्या वाचकवर्गाच्या घडणीतले एक महत्त्वाचे पान गाळतो, असे मी नम्रपणे म्हणेन.

आता प्रश्न असा, की चित्रपटातून भेटलेले गाणे मनात इतके खोल का रुजते? आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी रसनिष्पत्तीचा विचार करताना असे प्रतिपादिले आहे, की स्थायी भाव रसरूपास येण्यासाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग घडावा लागतो. सुटी कविता वाचणाऱ्यास ही सामग्री आपल्या कल्पनेनेच जमवावी लागते, आणि ज्याला वाचनाचा सराव नाही त्याला हे श्रम जड जातात. चित्रपट ही सामग्री आयती पुरवितो. कोण गातो आहे, कोणासाठी गातो आहे, त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला आहे, हे तासभर आधीपासून आपण पाहत आलेलो असतो. म्हणून गाण्याचा पहिला स्वर लागतो तेव्हा आपले अंतःकरण त्या भावासाठी सिद्ध झालेले असते, आणि एरवी दुर्बोध वाटला असता असा शब्दही त्या क्षणी आपणांस कळतो. निरक्षर माणसाला अवघड कविता कळू शकते, हे ज्यांना असंभाव्य वाटते त्यांनी ही प्रक्रिया बारकाईने पाहावी.

पण एवढ्याने गाणे आवडते. ते आपले होत नाही. आपले होण्याची घटना पुढे केव्हातरी घडते. खेळ संपतो, तंबू उठतो, कथानक धूसर होते, नटाचा चेहराही विरतो. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तेच गाणे आकाशवाणीच्या परभणी वा औरंगाबाद केंद्रावरून कानी पडते. आता समोर पडदा नाही. जो विभाव पडद्याने दिला होता तो आता ऐकणाऱ्याला आपल्याच आयुष्यातून द्यावा लागतो, आणि तो देतोही. नायिकेचा विरह गळून पडतो व तेथे स्वतःच्या घरातले रितेपण येऊन बसते. चित्रपटाने शिकविले आणि मग चित्रपट बाजूस झाला, ही या शिक्षणाची रीत आहे, आणि चांगला गुरू याहून वेगळे काय करतो?

एक उदाहरण घेतो, कारण ते या बीड जिल्ह्याच्या जिव्हाराचे आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हा चित्रपट विजय तेंडुलकरांनी लिहिला, भास्कर चंदावरकरांनी त्याला संगीत दिले, आणि १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. साखरपट्ट्यातील एक बलाढ्य पुढारी, त्याच्या गावात येऊन पडलेला एक मोडलेला मास्तर, आणि मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचा प्रश्न, अशी ती कथा. तिच्यात आरती प्रभूंची एक रचना रवींद्र साठे यांच्या आवाजात येते. दुसऱ्याच्या वाट्याचे ओझे वाहणाऱ्या माणसाविषयीची ती कविता. आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर हे वेंगुर्ल्याकडचे, कोकणातले. त्यांची कविता गूढ व अवघड म्हणून ख्यात. आणि आपल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा या बाजूची हजारो कुटुंबे दसरा-दिवाळी उलटताच मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीस पश्चिमेकडे जातात. नवरा-बायको मिळून तेथे एक कोयता म्हणून मोजले जातात. खोपीत राहतात, पहाटे फडात उतरतात, आणि ऊस तोडून झाला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्या कुटुंबांतील माणसाच्या कानी हे गाणे पडते तेव्हा गूढता कोठे शिल्लक राहते? जे ओझे समीक्षकाला प्रतीक म्हणून समजावून घ्यावे लागते, ते या माणसाने मानेवर पेललेले आहे. कोकणातील कवी, पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखानदारीची कथा आणि मराठवाड्यातील श्रमिक यांची अशी गाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घातली नसती. ती चित्रपटाने घातली.

चित्रपटाचे दुसरे कार्य काळाच्या विस्मृतीतून कवी परत आणण्याचे. पेशवाईच्या उत्तरकाळात ज्यांचे डफ महाराष्ट्रभर निनादले, त्या शाहिरांची कवने शतकभरानंतर अभ्यासकांच्या संग्रहांत आणि काही जुन्या फडांच्या मुखी उरली होती. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि १९५१ साली होनाजी-बाळाच्या जीवनावरचा ‘अमर भूपाळी’ हे राजकमल या चित्रसंस्थेचे चित्रपट आले. दोहोंचे संगीत वसंत देसाई यांचे. गवळ्याच्या घरात जन्मलेल्या होनाजीची भूपाळी पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या कंठातून अशी काही उमटली, की ती पुन्हा महाराष्ट्राच्या पहाटेची झाली. बहिणाबाई चौधरींची गोष्ट याहूनही हृद्य आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली ही निरक्षर शेतकरीण शेतात आणि घरकामात ओव्या रचीत गेली. १९५१ साली ती निवर्तली. चिरंजीव सोपानदेवांनी जपलेल्या त्या रचना आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने व प्रस्तावनेसह १९५२ साली ग्रंथरूप झाल्या. ग्रंथाने बहिणाबाईंना वाचकांपर्यंत नेले; पण ज्या बायका त्यांच्यासारख्याच चूल आणि शेत सांभाळीत होत्या, ज्यांना तो ग्रंथ वाचता येणार नव्हता, त्यांच्यापर्यंत ती वाणी १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटातून, वसंत पवारांच्या चालीत आणि सुमन कल्याणपूरांच्या स्वरात गेली. ज्यांच्यासारखीने ते काव्य रचले त्यांच्याच हाती ते परत गेले, यापरते त्या काव्याचे सार्थक कोणते?

आणि आता आपल्या मराठवाड्याचा कवी. अजिंठ्याच्या डोंगराशेजारी पळसखेडे येथे राहून शेती करणारे ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. जाणकारांनी त्याचे तत्काळ स्वागत केले. परंतु संग्रहाचे वाचक आणि रानात राबणारी माणसे यांत मोठे अंतर होते. ते अंतर १९७७ सालच्या ‘जैत रे जैत’ने ओलांडले. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, आणि सह्याद्रीतील ठाकर समाजाचे जीवन. त्यात गाणी कथेला थांबवीत नाहीत, कथाच गाण्यांनी पुढे सरकते. पुढे १९८७चा ‘सर्जा’, १९९२चा ‘एक होता विदूषक’, १९९४चा ‘मुक्ता’ अशा चित्रपटांतून महानोरांचा शब्द सर्वत्र गेला. पर्जन्यछायेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या शब्दाची किंमत सांगावी लागत नाही. संस्कृत कवींच्या परंपरेत मेघ हा शृंगाराचा उद्दीपन विभाव. महानोरांच्या गाण्यात पाऊस प्रियजनासाठी झुरायला लावतोच, परंतु त्याच सरीने पेरणी साधते, विहिरीला पाणी येते, आणि रान व बाई यांचे सुख एकाच शब्दात मावते. हे ज्ञान शेतकऱ्याचे आहे. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये महानोर गेले, तेव्हा त्यांची एकही कविता पुस्तकात न वाचलेल्या माणसांनाही आपल्या घरचे कोणी गेल्यासारखे वाटले. ते नाते चित्रपटगीतांनी जोडले होते.

या यादीत ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ यांतून घरोघरी पोचलेली सुरेश भटांची गझल आहे, ‘निवडुंग’मधून भेटलेले ग्रेस आहेत. आपण जुन्या हैदराबाद संस्थानचे रहिवासी, आपला कान उर्दूला परका नाही; म्हणून १९८२ सालच्या ‘बाजार’ या हिंदी चित्रपटात खय्याम यांच्या चालींतून मीर तकी मीर आणि आपल्याच जुन्या संस्थानचे कवी मख्दूम मोहिउद्दीन यांची गझल एकत्र ऐकू आली, तेव्हा ती या प्रदेशाला विशेष जवळची वाटली. आणि अलीकडे, २०१५ साली, ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आले. १९६७ सालचे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ते नाटक, पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत, वसंतराव देशपांडे यांची गायकी; ही सारी दौलत ज्या तरुणांना ठाऊक नव्हती त्यांनी चित्रपट पाहिला, महेश काळे यांचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे गायन ऐकले, आणि त्यांतील काहींनी पुढे जाऊन वसंतरावांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका शोधून काढल्या. मला हे शोधून काढणे अत्यंत मोलाचे वाटते.

काही विद्वानांचा आक्षेप आहे, की चित्रपटगीताने अभिरुची उथळ केली. हा आक्षेप नवा नाही. १९५२ साली केंद्र सरकारचे नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे अभिजात संगीताचे खरे उपासक. लोकांच्या कानी उत्तम तेच पडावे या तळमळीने त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची गीतमाला घरोघरी ऐकली जाऊ लागली, आणि १९५७ सालच्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारला आपला मार्ग बदलावा लागला. यातून घ्यावयाचा बोध असा, की अभिरुची हुकुमाने घडत नाही. माणूस जेथे उभा आहे तेथूनच त्याला पुढे जाता येते. आणि सामान्य माणूस चित्रपटगीतापाशी उभा असेल तर त्याच्या पुढच्या पावलाची वाट तेथूनच निघाली पाहिजे. उथळ गाणी आहेत, पुष्कळ आहेत; परंतु जे टिकले ते निवडण्याचा विवेक लोकांनीच दाखविला आहे.

मला चिंता आहे ती निराळ्याच गोष्टीची. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात, दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली, केशवराव भोळे यांच्या चालीवर विष्णुपंत पागनीस एक अभंग गातात. एका बीजातून वाढलेल्या वृक्षाच्या रूपकाचा. तो तुकोबांचाच असे महाराष्ट्राने धरून चालविले, भजनांत गाइला, आजही गातो. वस्तुतः तो शांताराम आठवले या गीतकाराने त्या चित्रपटासाठी रचलेला आहे. कवीच्या सामर्थ्याचा याहून मोठा दाखला मिळणार नाही, हे खरे. पण त्या दाखल्यावर त्याचेच नाव नाही. जमिनीचा उतारा हाती घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: कसणाऱ्याची वहिवाट इतकी जुनी आणि इतकी निर्वेध झाली, की मूळ खातेदाराचे नाव रकान्यातून कोणाला न कळत नाहीसे झाले. गाणे आपण कसतो, त्यावर आपला हक्क आहे, तो मी नाकारीत नाही. मूळ धन्याचे नाव मात्र उताऱ्यावर राहिले पाहिजे.

जुन्या चोपडीत ते नाव छापलेले असे. आकाशवाणीवरील ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत निवेदक चित्रपट सांगे आणि त्याबरोबर गीतकार, संगीतकार, गायक ही नावेही सांगे; शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांना खेबूडकर, माडगूळकर, वसंत पवार, राम कदम ही नावे मुखोद्गत झाली ती या शिस्तीमुळे. आज मोबाइलवर हवे ते गाणे क्षणात लागते. ही समृद्धी मोठीच आहे. पण पडद्यावर चित्रपटाचे चित्र आणि गायकाचे नाव ठळक असते, आणि कवीचे नाव पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. नाव हरवले की वाट तुटते. ज्याला महानोरांचे नाव कळले तो ‘रानातल्या कविता’ मागेल. ज्याला केवळ नटीचा चेहरा ठाऊक आहे तो काय मागेल?

म्हणून माझी या गावाला हात जोडून विनंती आहे. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत चित्रपटगीतांवर नाच होतात, ते अवश्य व्हावेत. पण गाणे लागण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने पुढे येऊन कवीचे व संगीतकाराचे नाव सांगावे, आणि ते नाव सांगण्यासाठी त्याला शोध घ्यावा लागावा. वडवणीतल्या ग्रंथालयात ज्या कवींची गाणी गावाला पाठ आहेत त्यांचे संग्रह एका कपाटात वेगळे मांडावेत, म्हणजे गाणे ऐकून आलेल्याला पुस्तकापर्यंत जाण्यास फार चालावे लागणार नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची. जे गाणे कोणत्याही चित्रपटात गेले नाही, ते आपल्याच घरांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या कार्यात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्यांत आपल्या शेजारच्या माजलगावातील भीमनगरच्या महिलांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्याही आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे आणि गावाचे नाव नोंदविले आहे. ज्या बाईची कोणत्याही दप्तरात कधी कवयित्री म्हणून नोंद झाली नसती तिची ती झाली. वडवणीच्या वाड्यावस्त्यांवर ज्या वृद्धा आहेत त्यांच्या ओव्या त्यांच्या नावांसह आपल्या तरुणांनी मोबाइलवर उतरून घ्याव्यात. ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्या गाणारणी मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

चित्रपटाने आपणांस आवडीचे दान दिले. ते दान घेऊन आपण कवीच्या दारापर्यंत गेलो, त्याचे नाव मुलांना सांगितले, आणि आपल्या घरातील अनाम कवयित्रीचे नाव लिहून ठेविले, तर ज्या गुरुजींच्या नावे आपण येथे जमलो आहोत त्यांचे अपुरे कार्य पुढे नेल्यासारखे होईल. येत्या वर्षीच्या व्याख्यानमालेचा एक दिवस त्या गाणाऱ्या वृद्धांसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी व्याख्याता म्हणून त्यांनाच या व्यासपीठावर सन्मानाने बसवावे, एवढे मागणे चालकांपुढे ठेवतो.